हाकेला ओ

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



संस्थेच्या चालकांनी मला धर्मशिक्षणावर चार शब्द बोलायला सांगितले आहे. परंतु मी आज एका प्रश्नाचे देणे फेडायला उभा आहे. गेल्या वर्षी येथील नववीच्या वर्गात मी पाहुणा म्हणून गेलो होतो. शेवटी मुलांना म्हणालो, काही विचारायचे असेल तर विचारा. एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, पैगंबरसाहेबांना वही येत होती. मग आपल्याशी अल्लाह काहीच बोलत नाही का? बोलत असेल तर ते ओळखायचे कसे?" 'वही' हा शब्द ऐकताच मागच्या बाकावरच्या दोघा मुलांनी आपापली वही वर करून दाखवली आणि वर्गात हशा पिकला. तेवढ्यात घंटा झाली. खरे सांगतो, घंटा झाली म्हणून मी सुटलो. उत्तर माझ्याजवळ तयार नव्हते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वही, म्हणजे अल्लाहकडून पैगंबरांना येणारा संदेश, हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांच्याबरोबर पूर्ण झाला, अशी आपली श्रद्धा आहे. त्यामुळे उद्या कोणी तुम्हाला सांगू लागला की, मला थेट वरून हुकूम आला आहे, तू अमुक रक्कम आणून दे, तर त्याला लांबूनच सलाम करा. पण वही पूर्ण झाली याचा अर्थ अल्लाहने आपल्याकडे पाठ फिरवली असा नव्हे. त्याचा ग्रंथ आपल्यापुढे आहे, आणि आपल्या गळ्याच्या शिरेहूनही तो आपल्याला जवळ आहे, ही त्या ग्रंथाचीच शिकवण आहे. जो इतका जवळ आहे त्याची हाक ऐकू येत नसेल, तर दोष अंतराचा नाही, आपल्या कानांचा आहे.

पहिली वही आली ती घटना आपणां सर्वांना ठाऊक आहे. इसवी सन 610. मक्केजवळच्या डोंगरातील हिरा गुहा. पैगंबरसाहेबांचे वय सुमारे चाळीस वर्षांचे. पहिला शब्द आला तोच वाचण्याचा. आपल्या शिक्षणसंस्थांच्या कार्यक्रमांत तो शब्द आपण दरवर्षी ऐकतो. परंतु त्यानंतर काय झाले, याकडे आपले लक्ष कमी जाते. पैगंबरसाहेब थरथरत घरी आले. मला पांघरूण घाला, असे म्हणाले. जे घडले त्याने त्यांचे मन हादरून गेले होते. तेव्हा हजरत खदीजा (र.) यांनी काय केले? त्यांनी पतीचे आचरण आठवून दिले. तुम्ही नातेवाइकांना धरून असता, असहायांचे ओझे उचलता, पाहुण्याला जेवू घालता, संकटात सापडलेल्यांना मदत करता; अशा माणसाला अल्लाह कधी फजित होऊ देणार नाही, अशा अर्थाचे त्या बोलल्या. मग जुन्या धर्मग्रंथांचे जाणकार असलेले आपले वृद्ध चुलतभाऊ वरका बिन नौफल यांच्याकडे त्या त्यांना घेऊन गेल्या.

पालकहो, यात आपल्यासाठी मोठा धडा आहे. वही ही पैगंबरांची. आपली तिच्याशी बरोबरी नाही. पण त्या रात्री खदीजांनी काय केले ते पाहा. त्यांनी चमत्काराची चर्चा केली नाही, माणसाचे वागणे पाहिले आणि जाणत्याचा सल्ला घेतला. हाक खरी की खोटी हे कळण्याची ही दोन साधने आजही कोणाच्याही घरात मिळू शकतात.

आता मी तुम्हाला एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. पुढे हा विद्यार्थी इमाम गझाली या नावाने साऱ्या जगाला माहीत झाला. त्यांचा जन्म 1058 मध्ये खुरासानातील तूस गावी झाला. हे ठिकाण आजच्या इराणात मशहद शहराजवळ आहे. त्यांचे वडील लोकर कातून पोट भरत, असे चरित्रकार सांगतात. वडिलांना स्वतःला शिकता आले नाही, याची त्यांना खंत होती. मरताना त्यांनी आपले दोन्ही मुलगे एका सूफी मित्राच्या हवाली केले आणि होते नव्हते ते पैसेही त्याच्याजवळ दिले. पैसे संपले. तो मित्रही गरीबच. त्याने मुलांना सांगितले, बाळांनो, आता मदरशात जा. तेथे शिकणाऱ्यांच्या जेवणाखाण्याची सोय होते. म्हणजे हा थोर विद्वान मदरशात गेला तो भाकरीसाठी! मोठेपणी ते स्वतःच म्हणत की, आम्ही अल्लाहसाठी म्हणून विद्या शिकायला गेलो नव्हतो, पण विद्येलाच ते मान्य झाले नाही. ती अल्लाहकडे घेऊन गेल्यावाचून राहिली नाही. शिष्यवृत्तीसाठी किंवा वसतिगृहातील दोन वेळच्या जेवणासाठी जे विद्यार्थी येथे आले असतील, त्यांनी मान खाली घालण्याचे कारण नाही. ही वाट फार जुनी आहे आणि ती दूरपर्यंत जाते.

हे तरुण गझाली जुर्जानला शिकायला गेले. गुरूंकडून जे ऐकले ते सगळे त्यांनी लिहून घेतले. परत येताना वाटेत दरोडा पडला. लुटारूंनी सर्व सामान नेले, त्यात त्या लिहिलेल्या कागदांची थैलीही गेली. गझाली त्यांच्या मागे धावले. मागे फीर, नाहीतर जीव गमावशील, असे लुटारूंच्या म्होरक्याने दरडावले. गझाली म्हणाले, बाकीचे सारे ठेव, पण ते कागद दे. तुला त्यांचा उपयोग नाही, माझी सारी विद्या त्यांत आहे. तेव्हा तो म्होरक्या हसला. त्याच्या बोलण्याचा मतलब असा की, कागद गेले आणि तू कोराच राहिलास, तर तुला विद्या आली असे तू म्हणतोस तरी कसे? मग त्याने थैली परत केली.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी असते तर गावी जाऊन काय सांगितले असते? लुटारूने माझा अपमान केला, असेच ना? गझालींना मात्र वाटले की, हे शब्द त्या माणसाच्या तोंडून अल्लाहनेच वदवले, मला वाट दाखवण्यासाठी. ते तूसला आले आणि तीन वर्षे बसून जेवढे लिहून आणले होते तेवढे सगळे त्यांनी आत्मसात केले. पुन्हा चोर आला तरी काही नेऊ शकणार नाही, अशी तयारी केली.

त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. हाक आली ती मशिदीच्या मिंबरावरून नव्हे, ऐन रस्त्यावर, एका दरोडेखोराच्या तोंडून. बोलणारा वाईट होता, बोलणे खरे होते. गझालींनी बोलणाऱ्याकडे पाहिले नाही, बोलण्याकडे पाहिले. आणि ओळखले कशावरून? ते बोलणे मनाला झोंबले आणि ते खोटे आहे असे म्हणता येईना, यावरून.

उरलेले अर्धे उत्तर पुढच्या गोष्टीत आहे, आणि ती गोष्ट तितकी सोपी नाही. 1091 मध्ये गझालींची बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक म्हणून नेमणूक झाली. तेव्हा त्यांचे वय अवघे तेहतीस होते. तीनशे विद्यार्थी त्यांच्यापुढे बसत. दरबारात मान होता, नाव सर्वत्र पोचले होते. अशा वेळी त्यांना आतून हाक येऊ लागली. आपण जे शिकवतो ते कशासाठी, असे त्यांनी स्वतःला विचारले. आपला हेतू शुद्ध नाही, नावलौकिक हाच आपल्याला चालवीत आहे, असे उत्तर मिळाले. आपल्या आत्मकथनात त्यांनी हे कबूल केले आहे. एक दिवस निश्चय करीत की बगदाद सोडायचे. दुसऱ्या दिवशी तो निश्चय मोडत. सकाळी मन तयार होई, संध्याकाळी मोहाची फौज चाल करून येई. आतला एक आवाज म्हणे, निघ, आयुष्य थोडे उरले आहे. दुसरा म्हणे, ही लहर आहे, जाईल. एवढे मानाचे स्थान सोडलेस तर पुन्हा मिळणार नाही.

असे सुमारे सहा महिने चालले. 1095 सालची ही गोष्ट. शेवटी त्यांची जीभच बंद पडली. विद्यार्थ्यांना शिकवायला बसत, पण तोंडातून शब्द फुटेना. अन्नपाणी गळ्याखाली उतरेना. हकीम म्हणाले, दुखणे मनात शिरले आहे, मनाचा भार उतरल्याशिवाय औषध लागू पडणार नाही. तेव्हा त्यांनी हतबल होऊन अल्लाहपुढे हात पसरले आणि सोडणे सोपे झाले. मुलाबाळांच्या निर्वाहापुरते ठेवून बाकीची संपत्ती त्यांनी वाटून टाकली आणि ते दमास्कसला निघून गेले. तेथून ते जेरुसलेमला आणि हजला गेले.

येथे एक इशारा दिला पाहिजे. गझालींनी घर सोडले म्हणून उद्या दहावीची परीक्षा सोडून कोणी दर्ग्यात जाऊन बसू नये! गझालींनीही शिकवणे कायमचे सोडले नाही. सुमारे अकरा वर्षांनी, 1106 मध्ये, ते नैशापूरच्या मदरशात पुन्हा शिकवू लागले. शेवटी तूसला आपल्या घराजवळच त्यांनी विद्यार्थ्यांसाठी मदरसा चालवला आणि 1111 मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. वर्ग तोच, विद्याही तीच. बदलला तो हेतू. हाकेने त्यांचे काम काढून घेतले नाही, कामातला मी काढून घेतला.

त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ 'इह्या उलूमुद्दीन'. त्याचे चाळीस भाग आहेत. त्यातील एका भागात त्यांनी मनाचा विचार केला आहे. मनाची तुलना ते हौदाशी करतात. निरनिराळ्या पाटांनी त्यात पाणी येते. चांगल्या कामाकडे ओढणारा विचार हा इल्हाम, आणि वाईटाकडे ओढणारा तो वस्वसा. अडचण ही की, दोन्ही पाटांचे पाणी एकाच हौदात पडते आणि पाण्यावर नाव लिहिलेले नसते. मग ओळखायचे कसे? गझालींच्या आयुष्यावरून आणि थोर लोकांच्या शिकवणीवरून मला तीन खुणा समजल्या, त्या सांगतो.

पहिली खूण अशी की, खरी हाक आपल्याला आपले उणे दाखवते. ज्या आवाजाला शेजाऱ्याचेच दोष दिसतात आणि जो आपल्याला सांगतो की तूच तेवढा भला, तो आवाज आपल्या नफ्सचा समजावा. पुण्य आणि पाप म्हणजे काय, असे वाबिसा नावाच्या सहाबींना विचारायचे होते. पैगंबरसाहेबांनी त्यांना आपल्या मनाला विचारायला सांगितले. लोकांनी कितीही फतवे दिले तरी जे मनात सलत राहते ते पाप, असा त्या हदीसचा आशय आहे. ते सलणे हा शत्रू नव्हे, तो पहारेकरी आहे. त्याला झोपेचे औषध देऊ नका.

दुसरी खूण म्हणजे खरी हाक कोणाचा हक्क मारायला सांगत नाही. बहिणीचा वाटा दाबून मशिदीला देणगी द्यावी असे मनात आले, तर ती देणगीची प्रेरणा कोठून आली हे सांगायला आलिम लागत नाही.

तिसरी खूण सर्वांत सोपी आहे. खरी हाक 'आज' म्हणते. वस्वसा नेहमीच 'वाईट कर' असे म्हणत नाही. तो फार सभ्य असतो. तो म्हणतो, चांगलेच कर, पण उद्या कर. आता फजरची अजान मशिदीतून होते आणि उशाशी ठेवलेल्या मोबाईलमधूनही होते. मोबाईलची अजान आपण बोटाने बंद करतो आणि कूस बदलतो. अजान ऐकू आली नाही, असे आपल्यापैकी किती जण खरेपणाने म्हणू शकतील?

पालकांपैकी काही जण म्हणतील, आम्ही इस्तिखारा करतो, त्यात स्वप्न पडले म्हणजे कळते. इस्तिखारा जरूर करावा. पण ती दुआ अर्थासह एकदा वाचून पाहा. हे काम माझ्या धर्माला आणि संसाराला हिताचे असेल तर ते मला सोपे कर, अहिताचे असेल तर ते माझ्यापासून आणि मला त्यापासून दूर ठेव, आणि जे हिताचे आहे त्यात मला समाधान दे, असे मागणे त्यात आहे. स्वप्नाचे वचन त्यात कोठेही नाही. मुलाचा कल कशाकडे आहे हे त्याला विचारायचे नाही, शिक्षकांना भेटायचे नाही, आणि कोणती शाखा घ्यावी हे स्वप्नावर सोडायचे, याला इस्तिखारा म्हणत नाहीत. दुआही करावी, मसलतही करावी आणि मग पाऊल उचलावे.

हे सर्व मी आपणांस सांगतो आहे तो कोणी पोचलेला माणूस म्हणून नव्हे. हाक ऐकूनही ओ न दिलेला माणूस म्हणून सांगतो आहे. ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.

मी एका गावी शिक्षक होतो. माझ्या वर्गात एक मुलगी होती. गणितात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. एके दिवशी मधल्या सुट्टीत तिची आई शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत आली नाही. म्हणाली, "सर, हे तिला शाळेतून काढायचं म्हणतायत. तुम्ही एकदा घरी येऊन समजावा. तुमचं ऐकतील." मी म्हणालो, "येतो." त्या आठवड्यात पेपर तपासायचे होते. पुढे रमजान लागला. मनात आले, रोजात कोणाच्या घरी कशाला जायचे, ईदच्या दिवशी जाऊ, ते बरे दिसेल. ईदला सासुरवाडीला गेलो. परत आलो आणि त्यांच्या घरी गेलो, तेव्हा तिच्या वडिलांनी मोठ्या आनंदाने माझ्या हातावर मिठाई ठेवली. मुलीचे लग्न ठरले होते.

त्या रमजानमध्ये माझी एकही तरावीह चुकली नव्हती. कुराण शरीफ मी स्वतः एकदा पूर्ण वाचले होते. रोज रात्री मी अल्लाहचा शब्द ऐकत होतो, आणि त्याची हाक दाराशी उभी होती. तिन्ही खुणा त्या हाकेत होत्या. ती माझे कर्तव्य दाखवीत होती, एका मुलीचा हक्क राखायला सांगत होती आणि 'आज' म्हणत होती. मी ती ओळखली नाही, असे म्हणणार नाही. ओळखली होती. पुढे बऱ्याच वर्षांनी ती मुलगी मला बाजारात भेटली. तिने अदबीने सलाम केला, घरच्यांची विचारपूस केली. तक्रारीचा एक शब्द काढला नाही. काढला असता तर मला बरे वाटले असते.

म्हणून माझ्या त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीला सांगतो, ती आता दहावीत आहे आणि येथेच कोठेतरी बसली असेल. बेटी, अल्लाह आपल्याशी बोलतो का, असे तू विचारलेस. त्याने जे सांगायचे ते त्याच्या ग्रंथात आहे, तो अर्थ समजून वाच. आणि त्या ग्रंथाची आठवण करून देणारी हाक रोज येते. कधी शिक्षकाच्या रागावण्यातून, कधी आजारी आजीच्या पाणी मागण्यातून, कधी कॉपी करताना थरथरणाऱ्या स्वतःच्याच हातातून. ओळखणे शिकायचे असेल तर एक लहानशी हाक घे आणि तिला ताबडतोब ओ दे. कान सवयीने तयार होतात. पहिल्या हाकेला उठणाऱ्याला दुसरी हाक जास्त स्पष्ट ऐकू येते. न उठणाऱ्याला ती हळूहळू ऐकू येईनाशी होते, आणि त्याला वाटते की कोणी बोलावतच नाही.

मागच्या बाकावरच्या त्या दोघा मुलांवर मी रागावलेलो नाही. त्यांनी वही वर केली ते एका अर्थी बरेच केले. गझालींनाही पहिली शिकवण वह्या गेल्यावरच मिळाली. बाळांनो, परीक्षेआधी एकदा वही मिटून पाहा आणि स्वतःला विचारा, ही चोराने नेली तर माझ्याजवळ काय उरेल?

आणि पालकहो, आपणांस एकच विनंती. या सभागृहातून घरी जाताना ज्या कामाची आपल्याला आत्ता आठवण झाली आहे, कोणाची तरी फी, कोणाशी तरी तुटलेले बोलणे, कोणाच्या तरी मुलीचे थांबलेले शिक्षण, ते काम ईदवर टाकू नका. आजच्या इशाच्या नमाजाआधी त्याची सुरुवात करा.

अल्लाह आपल्याला ऐकणारे कान देवो, आणि ऐकल्यावर उठण्याचे बळ देवो. आमीन.